जाऊन पुन्हा येणारा आजार

माझा हात आता लिहिताना थरथरतो, म्हणून मी सांगते आणि माझी मुलगी सुंदरा लिहून घेते. मधूनच ती थांबते. म्हणते, "अम्मा, हे नको. लोक वाचतील." मी म्हणते, लोकांनी वाचावं म्हणूनच तर चाललंय सगळं. दवाखान्यातल्या डॉक्टरअम्मा कितीदा म्हणाल्या होत्या, तुमचं तुम्ही सांगून ठेवा, कुणाला तरी उपयोग होईल. मला हे दुखणं लागलं तेव्हा विचारायला एक माणूस नव्हतं. सगळे माझ्यापेक्षा जास्त कळत असल्यासारखे बोलायचे, आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

दोन डोळ्यांना दोन रंग

आमचं घर रंगाऱ्यांचं. म्हैसुरात आमच्या गल्लीत तेव्हा बहुतेक घरांच्या मागं भट्टी असे. पुरुष रंग उकळत, कापड बुडवीत, आणि आम्ही बायका सावलीत बसून लाकडी ठशांनी काठ छापत असू. माहेरीही हेच काम, त्यामुळं सासरी आल्यावर मला काही शिकावं लागलं नाही. माझा ठसा सरळ पडतो असं सासूबाईही म्हणत. मी त्यांना आत्या म्हणे. त्या सहसा कुणाला बरं म्हणत नसत.

एका सकाळी छापता छापता मला वाटलं, लाल उतरलाय. मी आमच्या ह्यांना हाक मारून म्हटलं, "आजचा रंग पातळ केलाय का? विटेसारखा दिसतोय."

"कालचाच रंग आहे."

"कालचा नाही हो. बघा तरी."

आमच्या ह्यांना त्यांच्या लाल रंगाचा फार अभिमान. कापड उचलून ते थेट आत्यांपुढं घेऊन गेले. आत्यांनी ते उन्हात धरलं आणि म्हणाल्या, "कुंकवासारखा आहे. तिला काय झालंय?"

मी रागानं पुन्हा बैठकीवर बसले. उजव्या डोळ्यात सकाळपासून ठणका होता, तो चोळायला हात डोळ्यावर ठेवला, आणि समोरचा लाल एकदम लखलखीत झाला. हात काढून डाव्या डोळ्यावर ठेवला. लाल गेला, वीट आली. कितीतरी वेळ मी नुसती एकेक डोळा झाकत आणि उघडत बसले. कापड तेच होतं.

पुढच्या आठवड्यात त्या डोळ्यापुढं मधोमध धूर बसला. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. डोळा नुसता फिरवला तरी मागून कुणी ओढल्यासारखी कळ येई. वैद्यांनी तुपाची पट्टी बांधली, उष्णता झालीय म्हणाले. महिना उलटला आणि जसा आला तसा धूर विरला. आत्यांनी टेकडीवर जाऊन चामुंडीची ओटी भरली. घरच्यांनी विषय संपवला, आणि मीही संपवल्यासारखं दाखवलं.

नमस्कार

त्यानंतर सुंदरा झाली. बाळंतपण सुखाचं झालं. ती पालथी पडू लागली त्या सुमारास माझे पाय माझे राहीनासे झाले.

पहिल्यांदा तळपायाला मुंग्या. मग वाटायचं, फरशीवर कुणी ओल्या कापडाची घडी पसरली आहे आणि मी तिच्यावरून चालते आहे. हळूहळू ते कमरेपर्यंत चढलं. कमरेला लुगडं फार आवळलंय असं वाटे. मी आत जाऊन गाठ सैल करी, पुन्हा करी. शेवटी एकदा लुगडं पूर्ण सोडून उभी राहिले. आवळलेलं तसंच होतं. बाहेर काहीच नव्हतं, आवळणारं आत होतं.

आणि दमणूक. दमणूक हा शब्दही बरोबर नाही, कारण दमायला आधी काहीतरी करावं लागतं. मी झोपून उठे आणि उठतानाच संपलेली असे. आत्या म्हणत, "एक पोर झालं तर ही तऱ्हा. आम्ही आठव्या दिवशी भट्टीशी होतो."

गौरीच्या सणाला सगळ्या बायका मोठ्यांच्या पाया पडल्या. मी आत्यांपुढं वाकले. हनुवटी छातीला लागली मात्र, मानेतून एक वीज सुटली ती पाठीतून सरळ टाचांपर्यंत गेली. मी ओरडून ताठ उभी राहिले. पुन्हा वाकायचा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

शेजारणी बघत होत्या. आत्यांचा चेहरा काळवंडला. "माझ्या पाया पडायला मान मोडते काय तुझी?"

"आत्या, वाकलं की काहीतरी सळकन जातं हो. खरंच."

"सोंग पुरे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कसं पटवणार? दुखणं दिसत नव्हतं. ताप नव्हता, सूज नव्हती. दोन दिवस चांगली चाले, तिसऱ्या दिवशी उंबऱ्याला अडखळे. मीच स्वतःला विचारू लागले होते, खरंच मी सोंग करतेय का? बाईच्या मनात काहीबाही असतं म्हणतात, माझ्याही असेल. एका मांत्रिकाला आणलं. त्यानं कडुलिंबाच्या पाल्यानं झोडपलं, धुरी दिली. त्या धुरीच्या उष्णतेनं माझे पाय असे गळाले की तो म्हणाला, बघा, निघतंय. निघालं काहीच नाही.

शेवटी आत्यांनीच पाहिलं. मी मागल्या अंगणातून स्वयंपाकघरात पाणी भरत होते. आत्या ओरडत बाहेर आल्या, "रंग कुणी सांडला घरभर? पावलं उमटलीत बघा!" चुलीपासून अंगणापर्यंत लाल डाग. मी सुद्धा बघत राहिले. मग ह्यांनी माझ्या पायाकडं बोट दाखवलं. फुटक्या मडक्याचा तुकडा माझ्या टाचेत शिरलेला होता, चांगला बोटभर. ते रक्त होतं. आणि मला काही, काही कळलं नव्हतं.

आत्या खाली बसल्या. माझा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तुकडा ओढून काढला. माझ्या तोंडाकडं बघत काढला. मी हूं की चूं केलं नाही. कारण दुखतच नव्हतं. तेव्हा आत्यांनी मान खाली घातली. मान वर न करता त्या ह्यांना म्हणाल्या, "उद्या टांगा आण. हिला मोठ्या दवाखान्यात ने."

खाट

बायकांच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा आयुष्यात घराबाहेर एकटी निजले. भिंती पांढऱ्या, सगळीकडं औषधांचा आणि फिनेलचा वास. पहाटे घंटा, मग आया झाडू मारायच्या, मग गंजी, म्हणजे भाताची पेज, मग डॉक्टरअम्मांची फेरी. सुंदराला अंगावरून तोडलं होतं. छाती दुधानं दगड झाली होती, आणि त्या दुखण्याचं मला बरं वाटे. तिथं तरी दुखतंय, असं वाटे.

सुंदरा म्हणते हे नको. मी म्हणते, लिही. मला लघवी आवरेनाशी झाली होती. आली म्हणेपर्यंत होऊन जाई. पहिल्या दिवशी चादर ओली झाली तेव्हा मी ती अंगाखाली दाबून दुपारपर्यंत तशीच पडून राहिले, कुणाला कळू नये म्हणून. मरियम्मा नावाची एक आया होती, थोराड, पायात फेंगडी. तिनं ओळखलं. "अय्यो, इतकंच ना?" म्हणाली, आणि बोलता बोलता, माझ्या गावच्या गोष्टी विचारत, चादर अशी बदलली की शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळलं नाही. पुढं मला पुष्कळांनी पुष्कळ मदत केली. पण त्या दिवशी मरियम्माच्या तोंडावर किळस दिसली असती तर मी दवाखान्यातून पळून गेले असते, सरपटत का होईना.

डॉक्टरअम्मा मद्रासकडच्या, विलायतेत शिकून आलेल्या. त्यांचं कन्नड पुस्तकी होतं आणि माझं बाजारी, पण आमचं जमलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर छोट्या हातोडीनं मारलं तर पाय घोड्यासारखा उडाला. तळपायावर किल्लीनं ओढलं तर अंगठा वर गेला. आरशानं दिवा डोळ्यात पाडून त्या खूप वेळ आत बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा उजवा डोळा कधी गेला होता का?"

मी चकित झाले. डोळ्याचं मी सांगितलंच नव्हतं. तो बरा झाला होता, आणि पायाचा आणि डोळ्याचा काय संबंध?

"एकदा धूर आला होता. आता काही नाही."

"आणि मान वाकवली की काही होतं?"

मी रडायलाच लागले. वीज, आवळपट्टी, मुंग्या, सगळं भडाभडा सांगितलं. त्या मान हलवत लिहून घेत होत्या. सोंग म्हणाल्या नाहीत. पुढं तिथंच उपचार म्हणून विजेच्या पेटीची तार माझ्या पायाला लावली, तेव्हा मला कळलं की माझ्या पाठीतून जाते ती हीच वीज.

पायांत जीव यावा म्हणून मला गरम पाण्याचा शेक देऊ लागले. शेक झाला की पाय होते तेवढेही जात, आणि उजव्या डोळ्यापुढं पुन्हा धूर येई. अर्ध्या तासानं, अंग निवलं की परत ठीक. मला आठवलं, भट्टीजवळ बसलेल्या दिवशी मी जास्त अडखळायची. मी डॉक्टरअम्मांना हे सांगितलं तेव्हा वाटलं, रागावतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून शेक देववला, पाहिलं, आणि शेक बंद केला. पण त्यांचं तोंड उतरलं. मनात ज्याची शंका होती तेच खरं ठरत असावं.

नाव

दोन-चार दिवसांनी त्या एक जाड पुस्तक काखेत घेऊन आल्या. माझ्या खाटेजवळ बसल्या. "तुमच्या मालकांना बोलावून घ्या. त्यांच्याशी बोलायचं आहे."

मी म्हटलं, "यांना सांगाल, हे आत्यांना सांगतील, आणि दोघं मिळून मला काही सांगणार नाहीत. पाय माझे आहेत, डॉक्टरअम्मा. मला सांगा."

त्यांनी पुस्तक मांडीवर उघडलं. मग नाव सांगितलं. इंग्रजी, लांबलचक. डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस. मला ते तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही सुंदराकडूनच लिहवून घेतेय. त्या म्हणाल्या, "मेंदूत आणि पाठीच्या कण्यात नसा असतात. त्यांच्यावर कुठं कुठं चट्टे पडतात. डोळ्याच्या नसेवर पडला तर डोळा जातो, पायाच्या वाटेवर पडला तर पाय. विलायतेत असताना मी असे काही रोगी पाहिले. इथं तुम्ही पहिल्या. हा थंड मुलखातल्या लोकांचा आजार आहे असं शिकवलं होतं, म्हणून माझा मलाच विश्वास बसेना."

"जातो?"

"येतो आणि जातो. जाताना थोडं काहीतरी घेऊन जातो. बऱ्याच वर्षांनी काहींचा मग जात नाही."

"मरेन?"

"लवकर नाही."

त्या "लवकर नाही"चं काय करायचं ते मला कळेना. मी विचारलं, "औषध?"

"खरं सांगू? नाही." त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. "थेंब देते. काही न देता पाठवणं मला जमत नाही म्हणून देते."

"आणि माझ्या मुलीला?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "लागत नाही एकाचं दुसऱ्याला. पण तिला होणारच नाही असं ठामपणे कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही."

त्या गेल्यावर मरियम्मा आली आणि विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, बरं वाटेल म्हणाल्या. पहिल्याच दिवशी मी तो धंदा शिकले, जो पुढं वर्षानुवर्षं केला: समोरच्याचं तोंड बघून आजार लहान-मोठा करून सांगायचा.

घरी जाताना टांग्यात ह्यांना मात्र मी सगळं सांगितलं. लांबलचक नाव सोडून सगळं. हे घोड्याच्या कानांकडं बघत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "अगे, भट्टीजवळ आता बसू नकोस."

बरं असण्याचे दिवस

आणि मी बरी झाले! खरोखर. दसऱ्याच्या आधी पाय परत आले. मशालींचा खेळ बघायला मी बन्नीमंटपाच्या मैदानावर चालत गेले, सुंदराला कडेवर घेऊन. घरात सगळे खूश. शेजारणी म्हणाल्या, बघ, उगाच घाबरलीस.

ज्यांना हा आजार आहे त्यांना मी सांगते, तेच दिवस सगळ्यात वाईट. दुखणं असताना दुखण्याशी गाठ असते. बरं असताना मी चोराची वाट बघावी तशी बसलेली असे. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी पायाची बोटं हलवून बघायची. मग हाताची. मग डावा डोळा झाकून खुंटीकडं बघायचं. खुंटी दिसली तर उठायचं. मांडी घालून बसल्यावर सगळ्यांच्याच पायाला मुंग्या येतात, माझ्या आल्या की मी हातातलं काम टाकून तळवे चिमटत बसे. डासानं चावलं तरी मी ती जागा दाबून दाबून बघे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर घर पुन्हा काळजीत, न सांगावं तर मी एकटी. मी हसताना दिसे, आणि आत एक कान सतत भिंतीला लावलेला.

सुंदराच्या बाबतीत तर मी वेडीच होते. ती उशिरा चालू लागली असं मला वाटे, वाटायचं काही कारण नव्हतं. ती पडली की इतर पोरांच्या आया हसत, मी तिचे तळवे तपासत बसे. एकदा, ती चांगली मोठी झाल्यावर, "अम्मा, डोळा दुखतो" म्हणत आली. तिला उंबऱ्यात ओढून नेलं, वर बघ, खाली बघ, माझं तोंड दिसतं का, नाक दिसतं का. पोर घाबरून रडू लागली. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे लालभडक, चिपडांनी चिकटलेले. सबंध गल्लीत डोळ्यांची साथ आली होती. मुलीचे डोळे आले म्हणून आनंदानं शिरा करणारी आई तुम्ही पाहिली नसेल.

हुणसूरचं स्थळ

पण हे मागाहूनचं. सुंदरा लहान असतानाच दुखणं तिसऱ्यांदा आलं, आणि या वेळी ऐटीत आलं. एकाच्या जागी दोन दिवे दिसू लागले, दोन दारं, दोन आत्या. मी मधल्या मोकळ्या जागेत पाऊल टाकी आणि भिंतीवर आदळे. लघवीचं तर विचारू नका. मी मागच्या खोलीत जुन्या धडप्यांवर पडून असे आणि छपाईचं काम तसंच राही. आत्याच एकट्या ठसे मारत.

त्या दिवसांत ह्यांचे मामा हुणसुराहून आले. माझ्या खोलीची भिंत कुडाची, बाहेरचं सगळं ऐकू येई. बहुधा त्यांनाही ते माहीत होतं.

मामा म्हणाले, "अक्का, मुलगी पाहून ठेवली आहे. कामाची आहे, हात चांगला आहे. हिला कुठं टाकायची नाही. ही पण राहील. खायला घालू. पण घराला बाई नको? मुलगा नको?"

मी ह्यांच्या आवाजाची वाट बघत होते. डोळे मिटून, श्वास धरून. हे बोलले नाहीत. सांगते, माझ्या सगळ्या आजारात मला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली असेल तर त्या वेळी, त्या गप्पपणात. पाय जाताना वाटली नव्हती.

मग आत्यांचा ठसा थांबला. "मला काय म्हणून आणलं होतं या घरात?" त्या आपल्या भावाला म्हणाल्या.

मामा गोंधळले. "आता जुनं कशाला..."

"मोठीला, माझ्या सवतीला, मूल होईना म्हणून. ती पण राहील, खायला घालू, असंच म्हणाला होता आपला बाप. घातलं खायला. या मागच्या खोलीत घातलं. मी पंगतीत बसे आणि तिचं ताट आत सरकवत. मी सोळा-सतरा वर्षांची, मला त्याचं काही वाटत नसे. ती मेली तेव्हा हा माझ्या पोटात होता, म्हणून मला तिचं तोंडही बघू दिलं नाही." ठसा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "त्या खोलीत पुन्हा बाई सरकवायची नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. चहा घे आणि जा."

आत्यांचं माझ्यावर प्रेम होतं असं मी म्हणत नाही. त्याच संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "पडून राहिलीस तर आणखी पडशील. भिंत धर आणि चुलीपर्यंत ये." चुलीपासून लांब, दारात पाट मांडून मला भाजी चिरायला बसवलं. दोन-दोन दिसणाऱ्या भाज्या मी एक डोळा बांधून चिरल्या. डोळा त्यांनीच बांधला, आणि गाठ फार घट्ट मारली.

हे नंतर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "मी बोलणार होतो."

मी विचारलं, "कधी?"

त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. चांगला माणूस. पुढं वर्षानुवर्षं त्यांनी मला उचललं, धुतलं, कधी चेहरा वाकडा केला नाही. तरी तो प्रश्न आमच्या दोघांमध्ये राहिलाच. संसारात असं एखादं राहतं.

वर्षं

चौथ्यांदा आलं, पाचव्यांदा आलं. मग मी मोजायचं सोडलं, कारण कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते कळेना. डॉक्टरअम्मा म्हणाल्या होत्या तसंच. आधी काठी, मग काठी आणि भिंत, मग दोन्हीकडून माणसं. उजवा हात थरथरू लागला. ठसा धरला की काठाची वेल नशा केल्यासारखी डुलू लागे. एक दिवस माझ्या हातचं कापड ह्यांनी न बोलता बाजूला ठेवलं. मी ठसे धुऊन, तेल लावून सुंदराला दिले.

काही गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून सांगते. उन्हाळ्यात शहाणपणा करू नका. डोक्यावर ओलं फडकं ठेवा आणि काम सकाळी उरका. आंघोळ कोमट पाण्यानं. पाय बधिर असतील तर रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघा, पाय स्वतः सांगणार नाहीत. बाहेर जायचं तर आधी पाणी कमी प्या, पण रोज कमी पिऊ नका, मी ते करून मूत्राचा दाह ओढवून घेतला होता. कधी रडू यायची गोष्ट नसताना रडू येतं, आणि हसायची नसताना हसू. आत्या गेल्या त्या दिवशी मला हसू आलं आणि थांबेना. लोकांनी काय काय म्हटलं. सुंदरानं माझं तोंड आपल्या पदरात धरलं, म्हणून निभावलं. आत्यांसाठी मी नंतर पुष्कळ रडले, कुणी नसताना.

कोट्याची बाई

गेल्या महिन्यात डॉक्टरअम्मांनी एका बाईला माझ्याकडं पाठवलं. हेग्गडदेवन कोटे गावची, चंद्राबाई नाव. घराणं मराठ्यांचं, नवरा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात. तिशीही नसेल. नवऱ्याच्या खांद्याला धरून आली, डावा पाय ओढत. तो ओढला जाणारा पाय मी दारातच ओळखला.

नवरा बाहेर बसला. ती आत आली, मला पाहिलं, आणि उंबऱ्यातच थांबली. मी कशी दिसते ते मला माहीत आहे. गादीला टेकवून बसवलेली, हात मांडीवर बांधल्यासारखे, मान हलतेय. तिला पुढचा रस्ता दाखवायला कुणी आणलं असेल तर तो असा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटलं, तुम्ही बऱ्या झाला असाल," ती म्हणाली.

"बस आधी," मी म्हटलं.

ती बसली. पदराशी चाळा करत राहिली. मग एकेक विचारू लागली. पाय परत येतील? मी म्हटलं, या वेळी बहुधा येतील. पुन्हा जातील? बहुधा जातील. कधी? ते मला सांगता आलं असतं तर मी देवळात देवी होऊन बसले असते. तिला जरा हसू आलं, मग आणखी रडू आलं.

"घरी सगळे म्हणतात, घाबरू नको. सासरे म्हणतात, आपण लढणारी माणसं. वैद्य म्हणतात, घाबरण्यानंच होतं हे. मी घाबरायची थांबतच नाही, मग माझंच चुकतं का?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला भीती वाटते का हो?"

सुंदरा कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. तिच्यासमोर मी आजवर हे कधी बोलले नव्हते.

"रोज," मी म्हटलं.

"अजून?"

"अजून. आज सकाळी वाटली. पाणी गिळताना ठसका लागला, आता गिळणं जाणार असं वाटलं. मग हिनं रव्याचं उपिट्टू केलं होतं, ते खाल्लं."

"भीती वाटत असताना?"

"वाटतच असते ग. ती जायची वाट बघितली असती तर उपाशी मेले असते."

चंद्राबाईचे खांदे खाली आले. आल्यापासून ते कानाला टेकले होते. सुंदरानं तिच्यापुढं उपिट्टूची ताटली ठेवली. ती आधी नको म्हणाली, मग सगळं खाल्लं, आणि आणखी मागितलं.